नियमाने बांधलेला रस्ता

भर पावसात बोरीबंदरला उतरून फ्लोरा फाउंटनपर्यंत जायचं असेल, तर बरीचशी वाट छत्री न उघडता कापता येते. दादाभाई नौरोजी रोडवरच्या इमारतींनी तळमजल्याचा पुढचा पट्टा चालणाऱ्यांना देऊन टाकला आहे. डोक्यावर पहिल्या मजल्याचं छत, एका हाताला दुकानं, दुसऱ्या हाताला दगडी खांब आणि त्यांवर उचललेल्या कमानी. एक इमारत संपून दुसरी लागते तशी कमानीची जात बदलते. कुठे ती टोकदार, गॉथिक वळणाची, कुठे अर्धगोल, कुठे कमान जाऊन नुसती सपाट तुळई येते. खांबाचं शीर्ष इथे पानाफुलांनी मढवलेलं, तर शेजारी अगदी साधं. मधल्या गल्लीपाशी क्षणभर उघडं आभाळ लागतं आणि पुन्हा सावली सुरू होते. वही-पेनांचे, घड्याळाच्या पट्ट्यांचे, मोबाइलच्या कव्हरांचे फेरीवाले खांबाखांबाला टेकून बसलेले असतात आणि त्यांच्यातून वाट काढत ऑफिसला निघालेली गर्दी आपल्याच तंद्रीत पुढे सरकत असते. या गर्दीतल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं, की आपण ज्या सावलीतून चाललो आहोत ती कुणा एका दानशूर शेठची देणगी नाही. ती सरकारी नियमाची कमाई आहे.

1862 नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेतून नवे रुंद रस्ते निघाले. आजचा दादाभाई नौरोजी रोड हा तेव्हाचा हॉर्नबी रोड. त्याच्यावरच्या बहुतेक इमारती 1885 ते 1919 या काळात उभ्या राहिल्या. बांधणारे वेगळे, पैसा वेगळा, आवडीनिवडी वेगळ्या. इथे एक पारशी वाचनालय, तिथे एक विलायती दुकान, पुढे विमा कंपनी, मागे वर्तमानपत्राची कचेरी. अशा रस्त्याचं एरवी जे होतं तेच याचंही झालं असतं: प्रत्येकाने आपापल्या हौसेप्रमाणे उंची गाठायची, पायऱ्या रस्त्यावर आणून सोडायच्या आणि चालणाऱ्याने उन्हापावसात आपली सोय बघायची. 1896 च्या इमारत नियमाने एकच अट घातली, की रस्त्याला लागून असलेल्या दर्शनी भागात पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग ठेवावा. कमानीच्या वर काय करायचं ते मालकाने आणि त्याच्या वास्तुकाराने ठरवावं.

मला या अटीचं फार कौतुक वाटतं. तिने शैली लादली नाही. सगळ्यांनी गॉथिकच बांधा, असं म्हटलं असतं तर रस्ता एकसुरी झाला असता, आणि काहीच म्हटलं नसतं तर विस्कळीत. खाली कमानींचा ठेका धरलेला, आणि त्याच्यावर प्रत्येक इमारत आपापल्या अंगाने विस्तार करते आहे. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची 1898 ची इमारत उंच, निमुळत्या गॉथिक खिडक्यांनी वर खेचली जाते. 1905 च्या व्हाइटअवे लेडलॉच्या दुकानाची इमारत आडवी, ऐसपैस, आपल्या कोपऱ्याचा तोरा मिरवणारी. विलायती माल विकण्यासाठी बांधलेल्या त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आलं, आणि तरीही तिच्या कमानींना काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. या दोघींपेक्षा जुनी, 1881 सालची वाच्छा अग्यारी याच रस्त्यावर आहे. तिच्या दाराशी पंखवाले, मानवी मुखाचे वृषभ पहारा देतात. प्राचीन इराणची आठवण ठेवणारं ते शिल्प आणि काही पावलांवरचं इंग्लंडहून आलेलं गॉथिक एकाच रांगेत उभी आहेत. चालताना याचा धक्का बसत नाही, कारण नजर वर कितीही भटकली तरी पाय त्याच लयीत पडत राहतात.

शंभर वर्षांनी हा रस्ता जपायची वेळ आली तेव्हा हातात काय होतं? प्राचीन स्मारकांचा 1958 चा केंद्रीय कायदा होता. तो लेणी, किल्ले, मंदिरं यांच्यासाठी घडवलेला. वास्तू निदान शंभर वर्षांची हवी, आणि तिचं संरक्षण म्हणजे भोवती कुंपण, दाराशी निळा फलक. ज्या इमारतीत रोज हजारो माणसं येतात-जातात, जिच्या दुसऱ्या मजल्यावर वकिलाची कचेरी, तिसऱ्यावर शिंप्याचा कारखाना आणि तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिचं काय करायचं हे त्या कायद्याला ठाऊक नव्हतं. एका अख्ख्या रस्त्याचं काय करायचं हे तर मुळीच नव्हतं. ते उत्तर शहराला आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत शोधावं लागलं. 1991 च्या नियमावलीत 1995 मध्ये नियम 67 आला. वारसा वास्तू आणि वारसा परिसर यांना नगररचनेच्या चौकटीत संरक्षण देणारी, देशातल्या शहरांमधली ही पहिली मोठी तरतूद. आता 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीत तो नियम 52 या क्रमांकाने आहे.

हा नियम रसिकाने वाचावा असा आहे. सरकारी भाषेतला असूनही त्यात एक जाण आहे. त्याने वास्तूंच्या श्रेणी पाडल्या: पहिली, दुसरी ‘अ’ आणि ‘ब’, आणि तिसरी. पहिल्या श्रेणीत शहराची मानचिन्हं. त्यांना आतूनबाहेरून हात लावायचा नाही, लावायचाच तर वास्तू टिकवण्यापुरता. दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात, नवा वापर आणता येतो. दुसऱ्या ‘ब’मध्ये याखेरीज त्याच आवारात वाढीव बांधकामाचीही मुभा मिळू शकते, मात्र ते मूळ वास्तूशी जुळणारं हवं. तिसऱ्या श्रेणीत मोकळीक आणखी वाढते आणि इमारत धोकादायक असेल तर पुनर्बांधणीसुद्धा होऊ शकते. वरवर ही दफ्तरातली वर्गवारी वाटते. पण तिच्या मुळाशी एक स्वच्छ विचार आहे: जपणूक ही सगळीकडे सारखी कडक असू शकत नाही, आणि असायलाही नको. राजाबाई टॉवरला जी शिस्त लावायची ती गिरगावातल्या घराला लावली, तर त्या घरातली माणसं घर सोडतील आणि घर मरेल.

मला सगळ्यात भावते ती तिसऱ्या श्रेणीची व्याख्या. ज्या इमारती एकट्या पाहिल्या तर थोर नाहीत, पण ज्यांच्यामुळे वस्तीला तिचा चेहरा मिळतो, ज्यांच्यात एखाद्या समाजाची राहणी दिसते, त्यांनाही इथे जागा आहे. राहणी! म्हणजे ओटा, ओट्यावरची गप्पांची बैठक, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, दारातला क्रूस किंवा तुळस. विकास आराखड्याच्या कागदावर या गोष्टी प्रथमच मोलाच्या ठरल्या. आणखी एक कलम असंच. वारसा परिसरातल्या इमारतींनी आजूबाजूची आकाशरेषा सांभाळावी, उंच मनोरे उभारून परिसराचं मोल आणि सौंदर्य घटवू नये, असं ते बजावतं. चौरस मीटर, मार्गिका आणि मोरीचे उतार यांत रमणाऱ्या नियमावलीने सौंदर्याची बाजू घ्यावी, हे वाचताना मन भरून येतं. रस्ता रुंदीकरणाच्या रेषा वारसा इमारतीवरून जात असतील तर त्यांचा फेरविचार व्हावा, हेही त्यात आहे. शहरात रुंदीकरणाच्या एका रेघेने किती ओटे आणि किती कमानी गिळल्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या ओळीची किंमत कळेल.

व्यवहारात हे असं चालतं: यादीतल्या इमारतीत काही करायचं तर प्रस्ताव पालिकेकडे जातो, तिथून मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे. समितीत वास्तुकार, अभियंते, इतिहासाचे जाणकार बसतात. समितीच्या सल्ल्यावर आयुक्त निर्णय घेतात. मालकाचा उरलेला चटईक्षेत्राचा हक्क या निर्बंधामुळे बुडत असेल, तर तो टीडीआरच्या रूपाने भरून देण्याची तरतूद आहे. या जागेवर बांधता येत नाही, तर तेवढं बांधण्याचा हक्क अटींसह दुसरीकडे वापरा किंवा विका. 

पण नियम कागदावर असून भागत नाही हे दादाभाई नौरोजी रोडनेच शिकवलं. 1995 नंतरही या कमानी दिसत नव्हत्या, कारण त्यांच्यावर पाट्या होत्या. प्रत्येक दुकानदाराने शेजाऱ्यापेक्षा मोठी, पुढे आलेली, रात्री लखलखणारी पाटी लावलेली. प्लास्टिकच्या पेट्यांनी खांबांची शीर्षं झाकली होती, कोनशिळा गडप झाल्या होत्या. नव्वदीच्या अखेरीस संवर्धन वास्तुकार आभा नारायण लांबा यांनी हा सबंध रस्ता इमारत-इमारत करून अभ्यासला आणि पाट्यांसाठी मार्गदर्शक आखणी केली. तिचं मर्म एकाच ठिकाणी आहे. पाटी कमानीच्या आत बसली पाहिजे. कमानीच्या पोटात, खांबापासून खांबापर्यंत जी जागा उरते, तिच्यात नाव लिहा. कमानीचा दगड मोकळा राहू द्या.

ही आखणी डोळ्यांनी पाहायची तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहावं. कमानीच्या वळणाखाली बसवलेलं दुकानाचं नाव आता वाचता येतं, आणि नाव वाचून झालं की नजर सहज वर सरकते: कमानीचा मधला किल्लीचा दगड, त्यावरची पट्टी, वरच्या मजल्याचा नक्षीदार कठडा, त्याला पेलणारे दगडी कंस. पूर्वी नजर पाटीवर आदळून तिथेच थांबायची. दुकानदाराचं नुकसान झालं नाही, शिवाय त्याची इमारत त्याच्या मागे उभी राहिली. दुकानदार, रहिवासी, कंपन्या यांनी मिळून हेरिटेज माइल असोसिएशन स्थापली आणि रस्त्याच्या देखभालीत स्वतः उतरले. 2004 मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली. त्याच वर्षी रस्त्याच्या टोकाचं छत्रपती शिवाजी टर्मिनस जागतिक वारसा यादीत गेलं. टर्मिनसचा गौरव सगळ्यांना ठाऊक आहे. पाट्यांच्या कामाचा मला तितकाच मोठा वाटतो, कारण ते अनेक हातांनी, शेजाऱ्याशी भांडण न करता झालं.

एकेकटी इमारत न जपता इमारतींमधले संबंध जपणं म्हणजे काय, ते ओव्हल मैदानावर आणखी ठळक दिसतं. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग: जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि वाचनालय, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. दगडाची, उतरत्या छपरांची, कंगोऱ्याकंगोऱ्यातून सावली पाडणारी. पश्चिमेला बॅक बेच्या भरावावर उभी राहिलेली 1930 च्या दशकातली आर्ट डेको घरं. ही सिमेंटची, गुळगुळीत, गोलाईच्या गॅलऱ्यांची. खिडकीवर पापणीसारखा पातळ छज्जा, गॅलरीला बोटीच्या डेकवर असतात तसे आडवे गज, फाटकाच्या लोखंडी जाळीत उगवता सूर्य नाहीतर थिजलेलं कारंजं, आणि दर्शनी भिंतीवर त्या काळच्या वळणदार अक्षरांत इमारतीचं नाव. राजब महल, शिव शांती भुवन, एम्प्रेस कोर्ट. एकीचं नाव कोर्ट व्ह्यू. समोर न्यायालय दिसतं म्हणून. म्हणजे ज्यांनी ही घरं बांधली त्यांना पलीकडच्या गॉथिकशी वैर नव्हतं. समोरचं दृश्य हेच त्यांच्या घराचं वैभव होतं.

2018 मध्ये युनेस्कोने हा समूह जागतिक वारसा ठरवला तेव्हा त्यात 94 इमारती होत्या आणि मधोमध मैदान. रिकामी जागाही वारशाचा भाग ठरली, कारण ती नसेल तर दोन शतकांना एकमेकांकडे पाहता येणार नाही. या नामांकनासाठी स्थानिक नागरिकांच्या संघटना वर्षानुवर्षं झटत होत्या. त्यांच्याजवळ जमेची बाजू एकच होती: 1995 पासून हा परिसर यादीत होता, त्यामुळे दोन्ही रांगा जागेवर शिल्लक होत्या. याच्या उलट अनुभव हॉर्निमन सर्कलच्या बागेत येतो. 1872 मध्ये पूर्ण झालेलं ते वर्तुळ, एकाच धाटणीच्या कमानी असलेल्या इमारतींनी वेढलेलं, म्हणजे हॉर्नबी रोडच्या नियमाचा थोरला भाऊच. बागेतून दक्षिणेकडे पाहा, त्या शांत वर्तुळावर शेअर बाजाराचा मनोरा स्वार झालेला दिसतो. तो 1980 साली झाला, आकाशरेषेचं कलम येण्याच्या पंधरा वर्षं आधी.

आता जिथे हा नियम हरला तिकडे वळायला हवं. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एके काळचं वॉटसन्स हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून, जहाजाने आणून, 1867 ते 1869 दरम्यान इथे जोडला गेला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. दुसऱ्या ‘अ’ श्रेणीचं संरक्षण तिला आहे. तरीही 2005 मध्ये तिचा एक भाग कोसळला, 2006 च्या जागतिक धोकाग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं, 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली आणि ती पाडावी अशी शिफारसही आयआयटी मुंबईच्या अहवालात झाली. संवर्धन क्षेत्रातल्या जाणकारांनी त्या शिफारशीला विरोध केला. इमारतीच्या अंगावरची श्रेणी कुणी काढली नव्हती. पण तिच्यात दुरुस्तीचा पैसा येणार कुठून, हे श्रेणीने सांगितलं नव्हतं. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली. पागडीच्या खोल्यांचं भाडं काही ठिकाणी महिन्याच्या वीजबिलापेक्षा कमी. मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला मालकी नाही, आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा ठरलेला निधी लोखंडी सांगाड्याच्या संवर्धनाला पुरणारा नाही. मग लाकडी टेकू येतात, ताडपत्र्या येतात, भिंतीत पिंपळ रुजतो. पाडण्याला बंदी घालणारा नियम पडण्याला बंदी घालू शकत नाही.

आणि जिथे मोकळीक जास्त, तिथे धोकाही जास्त. तिसऱ्या श्रेणीची जी व्याख्या मला प्रिय आहे, तिच्याच पोटातल्या इमारती सर्वाधिक गेल्या. बेट शहरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक 1.33; उपकरप्राप्त जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला तो 3 पर्यंत मिळू लागला. दुमजली घराच्या जागी मनोरा उभा राहू शकतो हे एकदा कळलं, की ओट्याला आणि लाकडी जिन्याला कोण विचारतं? गिरगावातली खोताची वाडी वारसा परिसर आहे. पूर्वी पासष्टच्या आसपास असलेल्या तिथल्या घरांपैकी निम्म्याहून कमी आज उरली आहेत. उरलेल्यांच्या उताराच्या कौलारू छपरांच्या आणि रंगीत गॅलऱ्यांच्या मागून उंच इमारती डोकावतात.

2012 मध्ये पालिकेने वारसा यादीत भर घालणारी नवी यादी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रश्न मराठी मध्यमवर्गाच्या थेट उंबरठ्यावर आला. तिच्यात शिवाजी पार्क होतं. 1925 मध्ये पालिकेने मोकळं केलेलं मैदान, 1927 मध्ये शिवाजी महाराजांचं नाव मिळालेलं. भोवती तीसच्या-चाळीसच्या दशकातल्या बुटक्या, गोल गॅलऱ्यांच्या इमारतींचं कडं. ओव्हलसमोरच्या आर्ट डेकोची ही साध्या कुटुंबातली बहीण. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्लास्टर पडतंय, लिफ्ट नाही, सत्तरी ओलांडलेली माणसं तीन जिने चढतात, पुनर्विकास हीच आमची आशा, आणि तुम्ही तिच्यावर शिक्का मारता. त्यांना कलेची जाण नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या मैदानाच्या कट्ट्यावर ज्यांची संध्याकाळ गेली त्यांनाच त्या कड्याची किंमत सगळ्यांत जास्त ठाऊक होती.

त्यांच्याशी बोलणी करायला नियमाकडे पुरेसे शब्द नव्हते, असं मला वाटतं. मागच्या अंगाला लिफ्ट कशी बसवता येईल, गंजलेल्या सळ्यांवरचं काँक्रीट कुणी आणि कशाच्या बदल्यात दुरुस्त करायचं, टीडीआर सोसायटीच्या हातात प्रत्यक्ष किती रुपये टाकेल आणि कधी, मालमत्ता करात सूट मिळेल का, या प्रश्नांची उत्तरं यादीबरोबरच घरोघरी पोचायला हवी होती. 1896 च्या नियमाने मालकाकडून तळमजल्याचा एक पट्टा मागितला आणि बदल्यात त्याच्या दुकानाला दिवसभर सावलीतून येणारं गिऱ्हाईक दिलं. शिवाजी पार्कच्या कड्यापुढे ठेवण्यासारखा असा सौदा आजही आखता येईल: मैदानाकडचं पहिलं कडं आहे त्या उंचीत, त्याच गोल गॅलऱ्यांसह टिकवायचं, मागच्या गल्ल्यांत वाढीला वाव द्यायचा, आणि त्या वाढीतून येणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा पुढच्या रांगेच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवायचा.